झब्ब्याची पाठ

नोव्हाय, मिशिगन
१९ मे २०२४

ती. सुलभाताईंस सा. नमस्कार.

तर गेल्या गुरुवारी सकाळी मी कचऱ्याचे दोन्ही डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवले, मटकी उपसून ओल्या फडक्यात बांधली, डिशवॉशर रिकामा केला आणि इस्त्री तापत ठेवली. शाळेच्या कँटीनमधला माझा पांढरा कोट आणि चार अभ्रे, एवढंच होतं. सावनी जिन्यावरून खाली आली आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर बसली. लहानपणी ताप आला की तिथेच येऊन बसायची. म्हणाली, "आई, मी ट्रान्सफर करतेय." मी म्हटलं, "इस्त्री होऊ दे, मग बोल." ती खरंच थांबली. चारही अभ्र्यांच्या घड्या तिनेच घातल्या. मी इस्त्रीचा प्लग काढला तेव्हा तिने सगळं सांगितलं.

ऑगस्टपासून ती डेट्रॉइटमधल्या दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाणार. मेकॅनिकलची दोन वर्षं झाली आहेत, पण क्रेडिट्स निम्मीच धरणार, म्हणजे एक वर्ष वाढलं. तुम्हाला माहीतच आहे, हे तिच्या आत्ताच्या युनिव्हर्सिटीतच शिकले होते. यांचा जुना स्वेटशर्ट ती घालून फिरायची. त्या स्वेटशर्टचं आता काय करणार, असं माझ्या तोंडून गेलं. ती म्हणाली, "घालीन ना, थंडी तीच आहे."

तिला तिथला विषय जास्त मानवेल असं तिचं म्हणणं आहे. सायन्सचाच आहे.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून नेहमीसारखं पुस्तकाच्या पार्सलात पत्र घालते आहे. ध्रुवावरच्या मोहिमेचं पुस्तक परत पाठवलं आहे. त्या माणसांनी कुत्री खाल्ली तिथे मी चार दिवस थांबले होते, मग पुढे वाचलं.

तुमची,
रत्ना


डब्लिन, ओहायो
४ जून २०२४

प्रिय रत्ना, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मटकी कशात बांधली ते कळलं, अभ्रे किती होते ते कळलं, मुलगी काय शिकणार ते मात्र कळलं नाही. सायन्सचाच म्हणजे काय? अळ्यांचं, ताऱ्यांचं, की आइसक्रीमचं? इथल्या एका युनिव्हर्सिटीत आइसक्रीमचा कोर्स आहे, थट्टा करत नाही.

मी अंदाज सांगते. ती नापास झाली असणार. तसं असेल तर माझ्यापासून लपवू नकोस. बाप गेला तेव्हा पोरगी बारावीत होती. गुरू माझा मामेभाऊ, मला सख्ख्यासारखा, मला अजून त्याच्या आवाजाची आठवण आली की हातातलं काम सुटतं, मग तिचं काय होत असेल. आणि नापास नसेल तर मुलगा असेल. कबीर का कोण तो, तिचा मित्र, डेट्रॉइटलाच असतो ना? असला तरी तुझं काही बिघडत नाही. घरी बोलाव, जेवायला घाल, आणि तो ताट उचलून सिंकमध्ये ठेवतो का ते बघ.

माझ्या अनयने सॉफ्टवेअर सोडून सुतारकाम धरलं तेव्हा मी पार्टीत सांगायची की तो 'डिझाइनमध्ये' आहे. आता त्याच्याच टेबलावर हे पत्र लिहिते आहे. डुगडुगत नाही.

सापांवरचं पुस्तक पाठवते. विषयाचं नाव कळव.

सुलभाताई


नोव्हाय
१० नोव्हेंबर २०२४

ती. सुलभाताईंस सा. नमस्कार.

उत्तराला पाच महिने लागले, रागावू नका. शाळा सुरू झाली, मग गणपती, मग दिवाळी.

सोबत इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक पाठवते आहे. पान एकेचाळीस बघा. 'आमचे गुणवंत' या मथळ्याखाली खालून तिसरी ओळ: 'कु. सावनी गुरुनाथ भोकरे, प्री-मेड.' अंकाचं काम निमिष बघतो, त्याने सगळ्या पालकांना फॉर्म पाठवला होता, मी भरून दिला. कार्यक्रमात कांचनने (ती यंदा अध्यक्ष आहे) स्टेजवरून एकेक नाव वाचलं. सावनीच्या नावाला टाळ्या जरा जास्त पडल्या. आपल्यात आता डॉक्टर कोण होतं, सगळे कॉम्प्युटरचे. कांचनच्या सासूबाई अहिल्याबाई पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर होत्या. त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "बापाच्या माघारी चांगलं केलंस हो."

तेव्हा विषय आता कळला ना?

सावनी आली नव्हती. शनिवार-रविवारी ती काम करते.

सापांचं पुस्तक अर्धं झालं आहे. थंडी सुरू झाली.

तुमची,
रत्ना


डब्लिन
५ डिसेंबर २०२४

रत्ना,

एकेचाळीस पान पाहून मी काय केलं ते आधी ऐक. कपाटावरून माझं ॲनाटॉमीचं पुस्तक काढलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजातलं, पहिल्या वर्षाचं, एकोणीसशे सहासष्ट सालचं. पानांवर चहाचे डाग आहेत आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाने समासात काढलेलं माझंच चित्र आहे. ते कागदात गुंडाळलं, वर चिठ्ठी लिहिली की 'भोकऱ्यांच्या घरातल्या पहिल्या डॉक्टरीणबाईंना', आणि सावनीला पाठवून दिलं.

नऊ दिवसांनी पुस्तक परत आलं. सोबत पत्र. इंग्रजीत आहे, मी तुला मराठीत सांगते. 'सुलभाआत्या, हे खूप सुंदर आहे, पण ते मी ठेवून घेणं बरोबर नाही. मी डॉक्टर होणार नाहीये. मी मॉर्च्युरी सायन्सला आहे. मला वाटलं होतं आईने तुम्हाला सांगितलं असेल.'

मला हे शिक्षण माहीत आहे. या देशात माणूस गेलं की घरचे त्याला फ्युनरल होममध्ये सोपवतात. मग त्याला स्वच्छ करणं, जपणं, कपडे घालणं, घरच्यांना शेवटचं बघता येईल असं करणं, हे सगळं तिथली माणसं करतात. त्याची पदवी असते, परीक्षा असते, परवाना असतो. सोपं नाही ते.

मला राग विषयाचा आला नाही. तू मला पान क्रमांक कळवलास, त्याचा आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तू पान क्रमांक कळवलास, रत्ना, आणि मी चिठ्ठी लिहून बसले.

ते पान तिनेही पाहिलं आहे. कबीरची आई तुमच्या मंडळात आहे, त्याने फोटो काढून पाठवला. त्याबद्दल तिने आपणहून एक अक्षर लिहिलेलं नाही, मी विचारल्यावर फक्त 'हो, पाहिलं, कबीरने पाठवलं' एवढंच.

आता माझं ऐक. मी इथे पॅथॉलॉजिस्ट म्हणून आले. पहिली तीन वर्षं माझी जागा तळघरात होती, पोस्टमॉर्टेमच्या खोलीत. मिरजेला आईला लिहायची, 'रक्त तपासते.' ती शेवटपर्यंत लोकांना तेच सांगत होती. तेव्हा खोटं बोलण्याबद्दल मी तुला शिकवणार नाही. पण ते मी स्वतःबद्दल बोलले होते, आपल्या मुलीबद्दल नाही.

आणि विटाळाचं मनात असेल तर तेही काढून टाक. मिरजेला मामी, तुझ्या सासूबाई, गेली, दोन हजार नऊ साली, तेव्हा तिला नऊवारी कोणी नेसवली? तू आणि मी. बाकी बायका दारात तोंडाला पदर लावून उभ्या. तू निऱ्या घातल्यास, मी तिला कुशीवर धरलं. एकही निरी तुला दुसऱ्यांदा घालावी लागली नाही. मी डॉक्टर होते आणि मलाच तू दोनदा सांगितलंस, नीट धरा.

हाच विषय का, ते मी सावनीला विचारलं. तिने सांगितलं. पण ते मी तुला सांगणार नाही. तिनेच तुला लिहावं असं तिला म्हटलं आहे.

सुलभाताई


डेट्रॉइट
१४ जानेवारी २०२५

प्रिय आई,

मराठीत लिहिते आहे. इंग्लिशमध्ये लिहिलं तर एखादा शब्द तू कांचनकाकूंना विचारशील आणि हे फक्त तुझ्यासाठी आहे. मंडळाच्या संडे स्कूलचं मराठी आहे, चुका असतील. हसू नको.

उद्या बाबांना तीन वर्षं होतील. आत्याने सांगितलं तुला कारण लिही. मी तीन वर्षं नाही सांगितलं कारण तुला वाईट वाटेल.

फ्युनरलच्या दिवशी सकाळी तू बाबांचा झब्बा इस्त्री केलास. लग्नातला, सिल्कचा, क्रीम कलरचा. वर ओलं फडकं ठेवून. खूप वेळ केलास. मी म्हटलं, आई आता पुरे, तू म्हणालीस, पाठीवर अजून एक सुरकुती आहे. मग आपण तो झब्बा त्या लोकांना दिला.

नंतर सगळे फुलं ठेवत होते. बाबांची कॉलर वाकडी होती म्हणून मी मानेच्या मागे हात घातला. तिथे कापड नव्हतं. मी हात अजून खाली नेला. त्यांनी झब्बा मागून पूर्ण कापला होता, कॉलरपासून खालपर्यंत, कात्रीने. पुढून फक्त वर ठेवला होता आणि बाजूंनी आत खोचला होता.

तू समोर उभी होतीस. मी कॉलर सरळ केली आणि हात काढला.

मी नंतर तिथल्या माणसाला विचारलं. तो वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला हात कडक होतात, बाही जात नाही, म्हणून आम्ही सगळ्यांचे कपडे असे करतो. मागून कोणाला दिसत नाही.

मेकॅनिकलच्या क्लासमध्ये मी दोन वर्षं बसले. मार्क्स चांगले होते, आई, मी नापास नव्हते. पण मला सारखं वाटायचं, कापल्याशिवाय करता येत असेल. मग मी इथे एका प्रोफेसरांना ईमेल केला. त्या म्हणाल्या, येतं. हात हळूहळू चोळून सैल करायचा, कोपरापासून. वेळ लागतो. दोन माणसं लागतात. बहुतेक ठिकाणी वेळ नसतो. म्हणून मी ट्रान्सफर केलं.

मी आता करू शकते. ऑक्टोबरपासून मी एका फ्युनरल होममध्ये वीकेंडला असते आणि मी कोणाचंही काही कापलेलं नाही.

पान एकेचाळीसबद्दल मी रागावले नाही. पण ख्रिसमसला मी आले तेव्हा तू मला आधी बेसमेंटमध्ये आंघोळ करायला सांगितलीस, ते ठीक आहे. मग मी पोळ्या केल्या. तू म्हणालीस पोट भरलंय. मग मी वर गेल्यावर तू भात लावलास. कुकरची शिट्टी वर ऐकू येते, आई.

सावनी


नोव्हाय
२३ मार्च २०२५

ती. सुलभाताईंस सा. नमस्कार.

तुमच्या डिसेंबरच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. सावनीच्या पत्रालाही दिलं नव्हतं. ते नऊ आठवडे रव्याच्या डब्याखाली होतं. रोज डबा काढायची, पत्र दिसायचं, डबा परत ठेवायची. तुम्ही ज्या कारणाबद्दल लिहिलं होतं ते त्यात होतं. तुम्हाला ते आधीपासून माहीत आहे, म्हणून परत लिहीत नाही. माझ्याच्याने लिहवणारही नाही. पाठीवरची ती सुरकुती मला नीट आठवते. उजव्या खांद्याच्या खाली होती.

मी तुम्हाला जे झालं ते सरळ सांगते.

कांचनच्या सासूबाई, अहिल्याबाई, बुधवारी गेल्या. ब्याण्णव वर्षांच्या. गुरुवारी मी कँटीनमधून येऊन भांडी लावत होते तेव्हा सावनीचा फोन आला. ख्रिसमसनंतर पहिलाच. हॅलो वगैरे काही नाही.

"आई, अहिल्याआजींना आमच्याकडे आणलंय, म्हणून मला आजच बोलावून घेतलं. कांचनकाकूंनी नऊवारी दिलीये, हिरवी. त्यांना स्वतःला नेसवता येत नाही."

मी हातातली वाटी जागेवर ठेवली.

"माझे बॉस म्हणतात नुसतीच वरून गुंडाळ, ब्लाउज मागून काप. मी नाही म्हटलं. उद्या दहापर्यंत वेळ दिलाय मला. पण मला नऊवारी येत नाही, आणि दोन माणसं लागतात. तू येशील?"

ताई, त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहायची मला लाज वाटते, पण दुसऱ्या कोणाला लिहू? माझ्या मनात अहिल्याबाई आल्या नाहीत आणि सावनीही आली नाही. कांचन आली. मला तिथे पाहून कांचन विचारेल, तू इथे कशी, आणि मग पान एकेचाळीस. एवढंच आलं.

मी म्हटलं, "यूट्यूबवर असतं सगळं."

ती म्हणाली, "त्यात बाई उभी असते, आई."

मी म्हटलं, "मला जमणार नाही," आणि फोन ठेवला.

मग मी उरलेली भांडी लावली. चमचे चमच्यांत, काटे काट्यांत. सगळं जागच्या जागी गेलं आणि माझ्या हातात काही उरलं नाही. मग रव्याचा डबा उचलला आणि पत्र परत वाचलं. पहिल्यांदा वाचलं होतं तेव्हा मला त्या कात्रीचाच धक्का बसला होता. या वेळी दुसरीच ओळ वाचली. 'तू समोर उभी होतीस. मी कॉलर सरळ केली आणि हात काढला.' अठरा वर्षांची होती ती. तिने हात काढला आणि माझ्याकडे बघून मान हलवली होती, सगळं ठीक आहे अशी. ते मला आठवतं. मला वाटलं होतं, किती धीराची आहे माझी मुलगी. मग मी त्याच मुलीच्या हातच्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. तिला वाटतं मी फक्त खाल्ल्या नाहीत. टाकल्या हे तिला माहीत नाही. तुम्हाला सांगते आहे.

वर्षभर मला तिची लाज वाटत होती. दुकानात कोणी मंडळातलं दिसलं की मी मसाल्यांच्या रांगेत वळायची. ती लाज मी जपून ठेवली होती, जशी काही कामाची होती. गुरुवारी ती गेली आणि तिच्या जागी माझी स्वतःची आली. ही काही जाईल असं वाटत नाही.

मी कांचनला फोन लावला. तिच्याकडे माणसांचा आवाज होता. म्हटलं, "कांचन, आईंचा ब्लाउज पुढून हुकांचा आहे ना?"

"हो. का गं?"

"आणि साडीला फॉल लावलेला असेल तर तो उसवावा लागेल."

"नाही लावलेला. पण तुला हे कशाला?" मग लगेच, "तुला कसं कळलं मी साडी दिली ते?"

मी म्हटलं, "सावनी तिथे काम करते. तेच शिकते आहे ती. डॉक्टर नाही होणार. ते प्री-मेड मी फॉर्मवर लिहिलं होतं, माझ्या मनाने."

पलीकडे कोणीतरी चहा हवा का विचारत होतं. कांचनने त्यांना दोन मिनिटं थांबा म्हटलं. मग मला म्हणाली, "आई तिच्याकडे आहेत? आपल्या सावनीकडे?"

"हो."

"म्हणूनच काल तिथला माणूस मला म्हणत होता, आमच्याकडे एक इंडियन मुलगी आहे, ती करेल. मी म्हटलं असेल कोणीतरी. मला नावही विचारायचं सुचलं नाही." मग म्हणाली, "पण तू तसं लिहिलंस कशाला, रत्ना? मी स्टेजवरून वाचलं ते. सगळ्यांसमोर."

मी ओट्यावरचं पाणी पुसत राहिले. मग तीच म्हणाली, "त्यांना पदर डोक्यावरून हवा असायचा. कानामागे खोचून. सांग तिला."

"सांगते."

"आणि नथ नका घालू. आवडायची नाही त्यांना, टोचते म्हणायच्या."

हे झाल्यावर मी निमिषला ईमेल लिहिली की पुढच्या अंकात दुरुस्ती छाप. त्याचं उत्तर आलं, 'काकू, कुठली दुरुस्ती?' मी विषयाचं नाव इंग्रजीत पूर्ण लिहून पाठवलं, स्पेलिंग तिच्या युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर बघून. मग शाळेत कळवलं की उद्या येणार नाही. सावनीला फोन केला नाही. फक्त मेसेज केला: 'साडी टेबलावर पसरून ठेव. निऱ्या आधी घालून घ्यायच्या असतात.'

तिचं उत्तर आलं, 'ओके.' थोड्या वेळाने आणखी एक आलं. 'मागच्या दाराने ये. पुढे कांचनकाकूंकडची माणसं असतील.'

माझी सोय बघितली होती तिने.

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता तिथे पोचले आणि पुढच्या दाराने आत गेले. तिथे कांचनची नणंद होती, तिला सांगितलं, मी सावनीची आई, मदतीला आले आहे. आत सावनीने मला एप्रन आणि हातमोजे दिले. तिने अहिल्याबाईंचा हात कोपरापासून चोळून सैल केला, वीस मिनिटं, आणि बाही सरळ गेली. मग तिने त्यांना कुशीवर वळवून धरलं आणि मी साडी खालून सरकवली. पदर डोक्यावरून घेतला, कानामागे खोचला. नथ घातली नाही. काही कापलं नाही. सगळं झाल्यावर हात धुऊन आम्ही तिच्या गाडीत जाऊन बसलो. तिच्याकडे डबा होता, तिने केलेल्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी. मी दोन पोळ्या खाल्ल्या.

तुमची,
रत्ना